उशिराचं मातृत्व – भाग ४ : डबल मार्कर चांगला आला, बीपीचं काय?

पस्तिशी ओलांडलेल्या बाईला दिवस गेले की घरातली पहिली धास्ती असते डाऊन सिंड्रोमची. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी आणि डबल मार्करचा रिपोर्ट चांगला आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि नेमकं तिथेच लक्ष ढिलं पडतं.

ती धास्ती बिनबुडाची नाही. बाईची सगळी स्त्रीबीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. इतकी वर्षं थांबलेल्या बीजात गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारी प्रथिनं सैल पडतात, मग वाटणी चुकते. पंचविशीत साधारण १२५० बाळांमागे एकाला डाऊन सिंड्रोम असतो, पस्तिशीत ३५० मागे एकाला, चाळिशीत १०० मागे एकाला. पस्तिसाव्या वाढदिवशी मात्र एकाएकी काही बिघडत नाही. ती रेघ १९७० च्या दशकातली. गर्भजल तपासणीमुळे गर्भपात होण्याचा धोका आणि दोष सापडण्याची शक्यता या वयाच्या आसपास सारखी भरत होती, म्हणून तिथे ओढलेली. आपल्या १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यातही, अशा तपासण्या कुणाच्या करता येतील हे सांगताना, तेच वय आहे.

डाऊनपेक्षा कितीतरी जास्त जणींना गाठतो तो प्रीएक्लाम्पसिया. वार रुजताना गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात. त्या नीट रुंद झाल्या नाहीत तर वारेला रक्त कमी पडतं, आणि तिच्यातून आईच्या रक्तात असे पदार्थ उतरतात की रक्तवाहिन्यांचं अस्तरच दुखावतं. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० च्या वर, लघवीत प्रथिनं, पुढे मूत्रपिंड, यकृत, कधी थेट झटके. वय वाढलेलं, त्यात वजन किंवा आधीचं बीपी असेल तर धोका आणखी चढतो.

दात्या मुलीचं बीज घेऊन आयव्हीएफ करणाऱ्यांचा इथे हमखास घोटाळा होतो. डाऊनचा धोका बीज देणारीच्या वयावर धरायचा, हे खरं. पण बीपी चढतं ते जिच्या पोटात बाळ आहे तिचं, आणि परक्या बीजाच्या गरोदरपणात ते चढण्याची शक्यता उलट जास्त असते. २०२१ च्या कायद्याने बाईला वयाच्या पन्नाशीपर्यंत या उपचारांची मुभा दिली आहे. कायद्याची मुभा म्हणजे शरीराची हमी नव्हे, एवढं सेंटरवाल्यांनी तोंडाने सांगायला हवं.

उपाय स्वस्त आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅस्प्रे चाचणीत, जास्त धोक्यातल्या बायकांना रोज रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर ३७ आठवड्यांआधी होणारा प्रीएक्लाम्पसिया ६२ टक्क्यांनी घटला. मात्र गोळी सोळाव्या आठवड्याआधी सुरू व्हावी लागते. सातव्या महिन्यात सूज आल्यावर आठवून उपयोग नाही.

सुजेवरून आठवलं. “पाय सगळ्यांचेच सुजतात गं,” असं घरातली मोठी माणसं म्हणतात, आणि पायांपुरतं ते बरोबरही आहे. पण चेहरा आणि हात अचानक सुजले, बांगड्या रुतू लागल्या, डोकं ठणकून राहिलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा बरगड्यांखाली दुखलं, तर पित्ताची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

तिसऱ्या महिन्याच्या भेटीत डॉक्टरांना स्वतःहून विचारा, “मला अ‍ॅस्पिरिन लागेल का?” मनाने सुरू मात्र करू नका. खासगी दवाखाना परवडत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते.

पुढच्या आठवड्यात : गरोदरपणातली साखर.