द्रवमापक पंपाची नळी : परीक्षणातील एक दुर्लक्षित अंग

शार्ङ्गधराचार्यांनी आपल्या संहितेच्या पूर्वखंडात आरंभीच मानपरिभाषा सांगितली आहे. मान निश्चित झाल्यावाचून कल्पनिर्मिती होत नाही, हे आपण सर्व वैद्य जाणतो. परंतु आज रसशाळेच्या परीक्षणकक्षात द्रव मोजून देण्याचे काम विजेच्या पंपाकडे आले आहे आणि त्यातील हातभर नळीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आमचेही गेले नव्हते.

गुळवेलीच्या एका खेपेचा जलविलेय सार आमच्याकडे ११.१ टक्के आला. आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार तो ११ टक्क्यांहून कमी नसावा. म्हणजे माल उत्तीर्ण. तोच नमुना सहकारी वैद्यांनी द्रव मोजपात्राने घेऊन तपासला, तेव्हा सार १०.४ टक्के भरला. चूर्ण तेच, तराजू तोच. शेवटी पंपाने दिलेले '१०० मिली' पाणी तोलून पाहिले. ते जेमतेम ९४ मिली होते.

या परीक्षणात ५ ग्रॅम चूर्ण १०० मिली द्रवात चोवीस तास ठेवून गाळतात व त्यातील २५ मिली आटवून, १०५ अंशांवर सुकवून तोलतात. द्रव कमी पडला की गाळलेला भाग अधिक दाट होतो आणि सार वाढलेला दिसतो. म्हणजेच थकलेली नळी हीन द्रव्यास उत्तम ठरविते.

हे घडते कसे? पंपातील रूळ नळीस दाबत पुढे सरकतात. दाब सुटताच नळी मूळ आकारास येते आणि तेवढा द्रव आत ओढते. सततच्या दाबाने ती चपटी होऊन पूर्ण फुलेनाशी झाली, की प्रत्येक फेऱ्यास द्रव थोडा घटतो. ही घट इतकी सावकाश होते की डोळ्यांस उमगत नाही. म्हणून काम संपताच नळी रुळांखालून मोकळी करावी. आमच्याकडे ती रात्रंदिवस आवळलेलीच राहत असे! ओढीच्या बाजूचा सांधा सैल असल्यास हवेचे बुडबुडे शिरतात, तेही मापास मारकच.

नवी नळी बसविताना आतील व्यास आणि भिंतीची जाडी पूर्वीचीच असावी. बसविल्यावर अर्धा तास पाणी फिरवून मगच माप लावावे, कारण कोरी नळी आरंभी ताठ असते. मापाची पडताळणी सोपी आहे : तोललेल्या पात्रात दहा वेळा १०० मिली शुद्ध जल घ्यावे. २५ अंश सेल्सिअसला प्रत्येकाचे वजन सुमारे ९९.६ ग्रॅम भरले पाहिजे. आम्ही आता हे दर सोमवारी करतो व वहीत नोंदवितो.

द्रवाचाही विचार हवा. सिलिकॉन नळी पाण्यास व सौम्य मद्यार्कास चालते. हेक्झेन वा शुद्ध क्लोरोफॉर्ममध्ये मात्र ती फुगते. स्वस्त मऊ पीव्हीसी नळीतील मृदुकारक द्रव्य मद्यार्कात उतरते आणि आटविल्यावर साराच्या वजनात मिसळते. अशा द्रवांसाठी काचेचे मोजपात्रच बरे.

ती गुळवेल आम्ही परत पाठविली. त्याच नळीवर उत्तीर्ण ठरलेल्या आधीच्या खेपांचे राखून ठेवलेले नमुने सध्या पुन्हा तपासत आहोत.