पाळीव कासवाच्या टाकीतील पाणी

काचेच्या टाकीत ठेवलेल्या कासवाचे पाणी दोन-तीन दिवसांतच गढूळ होते व त्याला उग्र दर्प येऊ लागतो. त्याच टाकीत चार-पाच लहान मासे असते, तर पाणी बराच काळ चांगले राहिले असते. ह्याचे कारण कासवाच्या राहणीत आहे. कासव पाण्यातच खाते आणि पाण्यातच मलमूत्र विसर्जन करते. त्यास दात नसतात. चोचीसारख्या धारदार जबड्याने व पुढील पायांच्या नखांनी ते अन्न फाडते, आणि त्याचे बारीक तुकडे पाण्यात विखरून कुजू लागतात.

बाजारात विकले जाणारे कासव बहुधा एकाच जातीचे असते. डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेले हे कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. (भारतातील बहुतेक देशी कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे, ती पकडून घरी ठेवता येत नाहीत.) विकत आणतेवेळी हे पिल्लू तळहातावर सहज मावते. पुढे मादीचे कवच २५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही लांब होते, आणि हा प्राणी वीस वर्षांहून अधिक काळ जगू शकतो. दुकानदार पिल्लासोबत जे लहानसे प्लॅस्टिकचे भांडे देतो, ते त्यास काही महिनेच पुरते.

पाणी गढूळ दिसले की पुष्कळ घरांत तुरटी फिरविण्याची कल्पना सुचते. तुरटीने तरंगणारे कण एकत्र येऊन तळाशी बसतात, हे खरे. परंतु पाण्यात विरघळलेले पदार्थ तुरटीने जात नाहीत, आणि खरा अपाय त्यांपासूनच होतो. कासवाच्या मूत्रातून व कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया निर्माण होतो. अमोनिया रंगहीन आहे. तेव्हा निवळशंख दिसणारे पाणीही विषारी असू शकते. पाणी अल्कधर्मी असेल तर हा धोका वाढतो. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला, तर अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो.

मासा कल्ल्यांनी श्वसन करतो, म्हणून अशा पाण्यात तो लवकरच मरतो. कासव फुप्फुसांनी हवेत श्वास घेते, त्यामुळे ते तत्काळ मरत नाही. आणि पाळणाऱ्याची फसगत होते ती येथेच. कित्येक आठवडे घाण पाण्यात राहिल्यावर त्याचे डोळे सुजतात, कातडीवर व्रण पडतात, कवचावर मऊ, दुर्गंधीयुक्त डाग दिसू लागतात. (डोळे सुजण्याचे कारण ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव हेही असू शकते, म्हणून अशा वेळी पशुवैद्यास दाखविणे उचित.)

तळ्यात किंवा नदीत इतकी कासवे राहतात, तरी तेथील पाणी अशा रीतीने नासत नाही. तेथे पाणी विपुल असते, हे एक कारण झाले. दुसरे कारण अदृश्य आहे. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की ह्यांनी १८९० च्या सुमारास असे दाखवून दिले की, काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात आणि दुसऱ्या प्रकारचे जीवाणू त्या नायट्राइटपासून नायट्रेट बनवितात. नायट्राइटही विषारीच आहे. नायट्रेट मात्र त्यामानाने पुष्कळ सौम्य असून वनस्पतींचे ते खाद्य आहे. टाकीला जोडलेल्या गाळणीचे खरे कार्य हेच होय. तिच्यातील स्पंजात नुसता कचरा अडकतो असे नव्हे, तर त्याच्या असंख्य छिद्रांत हे जीवाणू वस्ती करतात. त्यांना प्राणवायूची गरज असते, म्हणून गाळणीतून पाणी अहोरात्र वाहते ठेवावे लागते.

ह्या जीवाणूंची वाढ मंद असते. सामान्य जीवाणू अनुकूल स्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात. ह्यांना एक दिवस किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती होण्यास सुमारे चार ते सहा आठवडे जातात. दुधाला विरजण लावावे त्याप्रमाणे एखाद्या जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजाचा तुकडा नव्या गाळणीत ठेवला, तर हा काळ कमी होतो.

आता पुष्कळ घरांत घडणारी एक चूक ध्यानात येईल. दर रविवारी सर्व पाणी ओतून देऊन, टाकी घासून, गाळणीचा स्पंज नळाखाली साबणाने लख्ख धुतला जातो. स्वच्छतेच्या ह्या उत्साहात स्वच्छता करणारेच मारले जातात. नळाच्या पाण्यात जंतुनाशनासाठी क्लोरीन असतो. तो रोगजंतू व उपकारक जीवाणू असा भेद करीत नाही. दोन दिवसांनी पाणी पुन्हा नासते, मग टाकी अधिकच कसोशीने घासली जाते. ह्याऐवजी आठवड्यातून एकदा पाव ते एक-तृतीयांश पाणी बदलावे. साठलेले नायट्रेट घालविण्याचा हाच सोपा उपाय आहे. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने पिळावा. नवे पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवले असता त्यातील क्लोरीन बहुतांशी उडून जातो.

पाणी कमी ठेवले तर कासव बुडणार नाही, अशी समजूत असते. वस्तुतः हे कासव उत्तम पोहणारे आहे. चढून अंग वाळविण्यापुरती कोरडी जागा मात्र त्यास हवीच. दहा लिटरांत जी घाण असह्य होते, तीच शंभर लिटरांत दहापट विरळ होते. अन्न वेगळ्या घमेल्यात घालावे व खाणे झाले की कासवास टाकीत परत सोडावे. ह्या एका सवयीने गाळणीचे बरेचसे काम वाचते.

पाणी उपसण्यासाठी रबरी नळी वापरतात, ती तोंडाने कधीही ओढू नये. आधी पाण्याने भरून घ्यावी. निरोगी कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला जातीचे जीवाणू असू शकतात. त्यांपासून माणसास जुलाब व ताप येतो, आणि लहान मुलांत हा आजार गंभीर रूप धारण करू शकतो. ह्याच कारणास्तव अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री करण्यास बंदी घालण्यात आली; लहान मुले अशी पिल्ले तोंडात घालीत असत. उत्तम गाळणीनेही हे जीवाणू नाहीसे होत नाहीत. टाकीचे सामान स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नये, हाताळणीनंतर हात साबणाने धुवावेत, आणि पाच वर्षांखालील मुलांना कासवापासून दूर ठेवावे. उपसलेले पाणी फुलझाडांना घालता येते. भाजीच्या वाफ्यास घालू नये.

पाण्याच्या ह्या कटकटीला कंटाळून अनेक जण वाढलेले कासव जवळच्या तळ्यात सोडून देतात. त्यांच्या दृष्टीने ते भूतदयेचे कृत्य असते. परंतु हे परदेशी कासव खादाड असून ऊन घेण्याच्या जागा व अन्न ह्यांसाठी देशी कासवांशी स्पर्धा करते, आणि टाकीतील रोगही सोबत नेते. २०१८ साली आसाम व मिझोराम येथील नैसर्गिक पाणवठ्यांत ते आढळून आले. ज्यास ते सांभाळणे अशक्य होईल, त्याने वनखात्याशी किंवा प्राणिसंग्रहालयाशी विचारविनिमय करावा. आणि तोवर पाणी बदलीत राहावे.