मानेचा काळेपणा आणि चूर्णाचा डबा

दहावीचे वर्ष लागले की मैदान सुटते. शाळा, शिकवणी, पुन्हा शिकवणी, आणि मधल्या वेळेत कचोरी नाहीतर थंड पेयाची बाटली. तीनशे मिलिलिटरच्या एका बाटलीत सहा-सात चमचे साखर असते, हे आईबापांना खरे वाटत नाही. मूल वर्षभरात सुटते. मग कोणीतरी 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' म्हणून महिन्याचा डबा हाती देतो.

माझ्याकडे अशा मुलांची आई बहुधा वजनासाठी येत नाही. मान काळी पडली म्हणून येते. घासून घासून कातडी सोलवटलेली असते. हा मळ नव्हे. चरबी वाढून शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते जास्त सोडते, आणि मानेवर, काखेत असे जाड, मखमली काळे पट्टे उमटतात. मुलींची पाळी लांबणे हेही पुष्कळदा याच घरचे दुखणे. पुढे मधुमेह उभा असतो.

व्यायामाने काय होते? काम करणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फारशी वाट न पाहता ओढून घेतो, आणि हा परिणाम दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. म्हणून काटा हलला नाही तरी फायदा होतच असतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल सांगते. त्याला यंत्रे लागत नाहीत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून विदर्भाला हेच शिकवीत आले. वाशीम, रिसोड, कारंजा, कुठेही पहाटे पोलीस भरतीची पोरे धावताना दिसतात. पण जड मुलाला पहिल्याच दिवशी त्यांच्यामागे पिटाळू नका, गुडघे धरतील. आधी सायकल, भरभर चालणे, चार सूर्यनमस्कार, महिन्याने कबड्डी.

आता चूर्ण. त्रिफळ्याने पोट साफ होते. काट्यावर घटते ते मळ आणि पाणी. गार्सिनिया म्हणजे कोकमाच्या जातीतल्या एका फळाच्या सालीचा अर्क. १९९८ साली अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे तो तपासला, बिनऔषधी गोळीपेक्षा वजनात काही फरक पडला नाही. गुग्गुळाच्या अर्काने २००३ च्या तेथील प्रयोगात वाईट कोलेस्टेरॉल उलट थोडे वाढले. हे प्रयोग मोठ्या माणसांवरचे. मुलांना देण्याचे धाडस मग कशाच्या जोरावर? गार्सिनिया व हिरव्या चहाच्या तीव्र अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. काही 'वनौषधी' डब्यांत तर सिब्युट्रामिन मिसळलेले सापडले. हृदयाला घातक म्हणून २०११ साली भारतात बंदी आलेले हे औषध. शिवाय लठ्ठपणा बरा करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी ती भिंतीवर दिसतेच!

डबा सुरू असेल तर येताना सोबत आणा. लघवी गडद पिवळी, छातीत धडधड किंवा झोप उडालेली असेल तर आजच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. मान काळी असेल तर उपाशीपोटी साखर तपासा, घासणी बाजूला ठेवा.