यंत्र माणसासाठी की माणूस यंत्रासाठी?

मागच्या महिन्यातली गोष्ट. सिंदी (रेल्वे)च्या बाजारात आमच्या वस्तीतल्या एक मावशी भेटल्या. निंदण-खुरपण करून, कापूस वेचून त्यांनी चार लेकरे वाढवली. जयभीम झाला आणि त्यांनी पिशवीतून मोबाईल काढून माझ्या हातात दिला.

‘‘भाऊ, श्रावणबाळचे पैशे आले का, पाहून दे ना. मले हे इंग्रजी समजत नाही.’’

मी काही विचारण्याआधीच त्यांनी आपल्या पिनचे चारही आकडे मोठ्याने सांगून टाकले. शेजारी भाजीवाला होता, दोन-चार गिऱ्हाइके उभी होती. सर्वांनी ऐकले.

‘‘मावशी, हा नंबर कोणालाच सांगायचा नसतो,’’ मी म्हणालो. त्या हसल्या. ‘‘मंग करू कसं? पोरगा पुण्याले, नातू शायेत. जो भेटंल त्यालेच सांगा लागते.’’

‘जो भेटंल त्याले’ या शब्दांनी मन अस्वस्थ झाले. आपल्या आजा-पणज्यांचा अंगठा सावकाराच्या कागदावर उमटत असे आणि त्या कागदावर काय लिहिले आहे ते फक्त सावकाराला ठाऊक असे. बाबासाहेबांच्या शिकवणीने आपण सही करायला शिकलो. आज नव्या यंत्रापुढे आपली आई, आपली मावशी पुन्हा दुसऱ्याच्या हाती सापडली आहे. दोष तिच्या अडाणीपणाचा, असे आपण चटकन म्हणतो. माझ्या मते त्यातला मोठा वाटा यंत्र घडविणाऱ्यांचा आहे.

इंटरफेस म्हणजे काय?

३० डिसेंबर २०१६ रोजी पैशांच्या व्यवहारासाठी ‘भीम’ नावाचे अ‍ॅप सुरू झाले. बाबासाहेबांच्या नावावरून हे नाव ठेवल्याचे तेव्हा पंतप्रधानांनी सांगितले होते. त्याचे पूर्ण नाव ‘भारत इंटरफेस फॉर मनी’. यातला ‘इंटरफेस’ हा शब्द आपण समजून घेतला पाहिजे. माणूस आणि यंत्र जिथे एकमेकांना भेटतात ती जागा म्हणजे इंटरफेस. मोबाईलचा पडदा, बटण, दिवा, आवाज हे सारे त्यात आले.

विळ्याची मूठ हाही एक इंटरफेसच. मूठ हाताला बसली नाही तर आपण हाताला दोष देत नाही, मूठ बदलून घेतो. मोबाईलच्या बाबतीत मात्र उलटे होते. यंत्र समजले नाही की माणूस स्वतःलाच अडाणी म्हणवून घेतो.

यंत्राची ही ‘मूठ’ कशी असावी याचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये १९६९ साली इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. आज ते आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन म्हणून ओळखले जाते. तिथे हा विषय शिकवला जातो. या शास्त्राचे मुख्य प्रश्न साधे आहेत. काय करायचे ते माणसाला पाहताक्षणी कळते का? आपण केलेले काम झाले की नाही, हे यंत्र सांगते का? चूक झाली तर ती सुधारता येते का?

मतपेटीपासून मतयंत्रापर्यंत

आपल्या देशाने हे प्रश्न संगणक येण्याच्या कितीतरी आधी सोडवले आहेत. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. १९५१ च्या जनगणनेनुसार साक्षरता शेकडा १८ च्या आसपास होती. ज्याला नाव वाचता येत नाही त्याने मत कसे द्यावे? तेव्हा उमेदवारांना चिन्हे दिली गेली आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावले गेले. मतदाराने चिन्ह पाहायचे आणि त्या पेटीत आपला कागद टाकायचा. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. अक्षर न येणारी आजी हत्ती नक्कीच ओळखत होती. घटनेने दिलेला अधिकार त्या चित्रामुळे तिच्या हातापर्यंत पोचला.

पुढे मतदान यंत्र आले. १९८२ साली केरळातील परूर मतदारसंघाच्या निवडणुकीत ते प्रथम काही केंद्रांवर वापरले गेले. नंतरच्या यंत्राची घडण पवईच्या याच संस्थेतील प्राध्यापक ए. जी. राव आणि रवी पूवय्या यांनी ठरविली. चिन्हाच्या समोर निळे बटण, दाबले की लाल दिवा आणि लांब ‘बीप’. मत दिले गेले, हे त्यातून डोळ्यांना आणि कानांना कळते.

या यंत्राच्या विश्वासार्हतेवर आपल्या समाजात वाद आहे आणि तो मिटलेला नाही. पण लोकांनी प्रश्न विचारले म्हणूनच एक सुधारणा घडली. मतदाराला कागदी पुरावा मिळणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. व्हीव्हीपॅट यंत्रात आपल्या मताची चिठ्ठी काचेतून ७ सेकंद दिसते. यंत्राने काय केले ते माणसाला दिसले पाहिजे, ही मागणी मान्य झाली. मागितल्याशिवाय यंत्रही सुधारत नाही, हा यातला धडा आहे.

लोकांची भाषा

धम्म उच्चवर्णीयांच्या छांदस भाषेत बांधावा, अशी सूचना काही भिक्खूंनी केली तेव्हा भगवान बुद्धांनी ती नाकारली. लोकांनी आपापल्या भाषेत धम्म शिकावा, असे त्यांनी सांगितले. विनयपिटकातील चुल्लवग्गात ही हकिकत आहे. जो नियम धम्माला, तो यंत्राला का नसावा?

कारकुनी करणाऱ्या माझ्यासारख्यांनी मराठी टंकलेखन शिकताना हा त्रास सोसला आहे. टाइपरायटरवर अर्धे अक्षर एका कळीवर, त्याचा काना दुसऱ्या कळीवर. १९८६ साली भारतीय भाषांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ हा प्रमाण कळफलक ठरला. स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे. पुढे मोबाईलसाठी पवईचे प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ तयार केले. त्यात अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने लावलेली आहेत. ‘क’वर बोट ठेवले की भोवती एक चक्र उघडते आणि का, कि, की, कु दिसतात. हवे तिकडे बोट सरकवायचे. ज्याने बाराखडी गिरवली त्याला वेगळे काही शिकावे लागत नाही. २०१७ पासून गूगलच्या कळफलकात मराठीत बोलून लिहिण्याचीही सोय झाली. आणि किती पैसे आले ते बोलून सांगणारी छोटी पेटी तर आता चहाच्या टपरीवरही दिसते. वाचता न येणाऱ्या दुकानदारालाही ती हिशेब सांगते.

जिथे यंत्र अडते

पण सर्वत्र असे नाही. ज्या हातांनी विटा उचलल्या, सिमेंट कालवले, त्या हातांच्या बोटांवरील रेषा झिजतात आणि मग अंगठ्याचे यंत्र त्यांना ओळखत नाही. माणूस जिवंत समोर उभा, तरी त्याला परत जावे लागते. आधारच्या पडताळणीत डोळ्यांची बुबुळे आणि चेहरा यांचाही मार्ग आहे. ‘अंगठा येत नाही’ एवढे ऐकून परत फिरू नका. दुसरा मार्ग विचारा, मिळाला नाही तर लेखी अर्ज द्या.

प्रत्येक घराने एवढे लक्षात ठेवावे. मोबाईलच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी करता येते. पिन लागतो तो पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही, म्हणून ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणणारा ठगच समजावा. साध्या बटणाच्या फोनवरूनही व्यवहार करता यावा म्हणून मार्च २०२२ मध्ये ‘यूपीआय १२३पे’ ही सोय सुरू झाली आहे. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.

त्या मावशींना मी रविवारी वंदनेनंतर विहारात थांबायला सांगितले. दहावीतल्या एका मुलीने त्यांच्या फोनची भाषा मराठी केली आणि कुठे दाबायचे ते दाखवून ती बाजूला उभी राहिली. मावशींनी नवा पिन स्वतःच्या बोटाने टाकला. टाकताना पदर आडवा धरला. मला तर त्यांनी पडदा पाहूही दिला नाही. त्याचे मला फार समाधान वाटले.

आपल्या प्रत्येक विहारात वंदनेनंतर अर्धा तास असा का असू नये? शिकलेल्या मुलामुलींनी आजी-आजोबांचे काम करून देऊ नये, त्यांच्याकडून करून घ्यावे. आणि जिथे यंत्रच आडमुठे असेल तिथे सर्वांनी मिळून ते बदलून मागावे. यंत्र माणसासाठी आहे, माणूस यंत्रासाठी नाही.

जयभीम!