कामज्वराचा पारा
(लेखांक ७)

गेल्या आठवड्यात आपण ताप का चढतो ते पाहिले. आता ज्या तापात थर्मामीटरचा पारा जागचा हलत नाही, त्याच्याकडे वळू. प्रेमात पडलेल्याची भूक मरते, झोप उडते, छाती धडधडते. म्हणून प्रेमाला आजारांत जमा करण्याची रीत जुनी आहे. चरकसंहितेत शोक, भय आणि क्रोध यांच्या पंगतीला कामालाही ज्वराचे कारण म्हणून बसवले आहे आणि विचारात गढून जाणे व उसासे ही त्याची लक्षणे दिली आहेत. (क्रोधाने हा ज्वर उतरतो, असेही तिथे म्हटले आहे, प्रेमिकांच्या भांडणांचा असाही उपयोग!) पण वरून सारखी दिसणारी ही लक्षणे आत वेगवेगळ्या वाटांनी येतात. फ्लू झालेल्याची भूक मरते ती प्रतिकारपेशींनी सोडलेल्या सायटोकाइन नावाच्या रसायनांमुळे. त्यांचा निरोप मेंदूला पोचला की अंग गळते, डोळे मिटतात, आवडीच्या गोष्टीतही मन रमत नाही. प्रेमिकाचे नेमके उलटे. हेलन फिशर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्याने प्रेमात पडलेल्या १७ जणांना प्रिय व्यक्तीचे छायाचित्र दाखवून त्यांचे मेंदू स्कॅन केले, तेव्हा डोपामिनवर चालणारा, हव्याशा गोष्टीकडे ओढणारा भाग चेतलेला दिसला. आजारी माणूस पांघरूण ओढून घेतो. हा भर उन्हात बसस्टॉपवर ताटकळतो.

प्रेम हा आजार नव्हे, या म्हणण्यावर सर्वात वजनदार आक्षेप इटलीतल्या पिसा विद्यापीठातून येतो. दोनातेल्ला माराझ्झिती यांनी १९९९ मध्ये प्रेमात नुकतेच पडलेले २०, मंत्रचळाचे (ओसीडीचे) २० रुग्ण आणि इतर २० जण यांचे रक्त तपासले. सेरोटोनिन वाहून नेणारे प्रथिन पहिल्या दोन्ही गटांच्या प्लेटलेट्समध्ये सारखेच कमी निघाले. म्हणजे प्रेम हा मंत्रचळच की! वर्तमानपत्रांना आवडावे असे हे वाक्य आहे; पुराव्याला मात्र ते पेलत नाही. प्लेटलेट म्हणजे मेंदू नव्हे, आणि साठ माणसे फार थोडी. २०१२ मध्ये सांड्रा लांगेस्लाग यांच्या पाहणीत तर प्रेमात पडलेल्या पुरुषांच्या रक्तात सेरोटोनिन कमी आणि स्त्रियांच्या रक्तात जास्त आढळले. शिवाय माराझ्झितींनीच वर्ष-दीड वर्षाने काही प्रेमिकांना पुन्हा तपासले, तेव्हा आकडे मूळपदावर आलेले होते. मंत्रचळ उपचारांशिवाय सहसा इतक्या मुकाट्याने ओसरत नाही. माझ्या मते खरा फरक याहून साधा आहे. दिवसातून पन्नासदा हात धुणारा मंत्रचळी हात धुण्याच्या विचाराला विटलेला असतो, त्याला सुटका हवी असते. प्रेमिकाला प्रिय व्यक्तीचा विचार हवाच असतो; गोळी दिली तर तो खिडकीबाहेर फेकेल.

हा युक्तिवाद नकार मिळालेल्या माणसापाशी मात्र अडतो. त्याला विचार नकोसा झालेला असतो, तरी सुटत नाही. आणि जिवलग गमावल्याच्या धक्क्याने हृदयाचा डावा कप्पा ऑक्टोपस पकडण्याच्या जपानी मडक्यासारखा फुगतो, तेव्हा तो धक्का ईसीजीतही उमटतो. त्या ‘ताकोत्सुबो’विषयी पुढच्या आठवड्यात.