मोहाची भट्टी आणि अप्रकट उष्णता

डहाणू-तलासरीच्या रानात चैत्राच्या सुमारास पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो. वारली घरांतील बायका-मुले ऊन चढण्यापूर्वी तो वेचतात आणि अंगणात वाळत घालतात. या फुलांना सरकारी दप्तरात स्थान मिळाले ते मुद्देमाल म्हणून. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारचा अंमल बसला, १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत नुसती फुले बाळगण्यावरही निर्बंध आले, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली छापे, पंचनामे व जप्त्या नित्याच्या झाल्या. परंतु फोडलेल्या मडक्यांत पदार्थाच्या अवस्थांतराचे जे सूक्ष्म ज्ञान राबत होते, त्यासाठी पंचनाम्यात रकाना नव्हता, ही मला मोठी हानी वाटते.

पाण्यात भिजून आंबलेली फुले मडक्यात घालून ते चुलीवर चढवायचे, आत लहान भांडे अधांतरी बसवायचे, तोंडावर थंड पाण्याने भरलेले पातेले ठेवून सांधा चिकणमातीने लिंपायचा. मद्यार्क ७८ अंश सेल्सिअसला उकळतो, पाणी १०० अंशांना. म्हणून मिश्रणातून उठणाऱ्या वाफेत मद्यार्काचे प्रमाण मूळ द्रवाहून अधिक असते, आणि ती वाफ पातेल्याच्या गार बुडाला लागून थेंबाथेंबाने आतल्या भांड्यात उतरते. पहिल्या धारेची जी कडक म्हणून नावाजली जाते ती याच कारणाने. पुढे मडक्यातील मद्यार्क सरत जातो आणि धार पाणचट होते.

खरे मर्म मात्र वरच्या पाण्यात आहे. द्रवाची वाफ होताना जी उष्णता शोषली जाते तिने तापमान वाढत नाही. ती कणांना परस्परांच्या आकर्षणातून सोडवण्यात खर्ची पडते, आणि वाफ पुन्हा द्रव होताना सारीच्या सारी परत येते. एक ग्रॅम पाण्याची वाफ निवताना सुमारे ५४० कॅलरी देते, मद्यार्काची सुमारे २००. म्हणजे मद्यार्काच्या एका ग्रॅमामागे दहा ग्रॅम पाणी वीस अंशांनी तापते. ते बदलण्यात हयगय झाली, की ऊन झालेल्या बुडाशी वाफ निवत नाही, सांध्यांतून निसटते आणि लाकूडफाटा वाया जातो. तापमापकाविना, पाण्यात बोट बुडवून ही वेळ ओळखणे हे मी शास्त्रच मानतो.

डहाणू बंदरात मासळीवर घातलेला बर्फ याच हिशेबाने चालतो: वितळताना तो ग्रॅममागे ८० कॅलरी मासळीकडून घेतो आणि तरी शून्य अंशांवरच राहतो.

ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने १७६२ च्या सुमारास ही अप्रकट उष्णता मोजली. त्याचा स्नेही जेम्स वॅट याने १७६५ साली वाफ निवण्यासाठी यंत्राला स्वतंत्र पात्र जोडण्याची कल्पना काढली. डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र १९९५ पासून त्याच तत्त्वावर उभे आहे. चक्रे फिरवून आलेली वाफ खाडीच्या पाण्याने गार राखलेल्या नळ्यांवर पुन्हा पाणी होते व बॉयलरकडे परतते. मोहाच्या भट्टीवर पातेलेभर पाणी पुरते, येथे समुद्र अखंड खेचावा लागतो, आणि कोळशातून निघालेल्या उष्णतेपैकी सुमारे निम्मी त्या पाण्याबरोबर खाडीत जाते.