काठी तडकली, हक्क तडकू देऊ नका!

रविवारची वंदना आटोपली होती. विहारातली सतरंजी गुंडाळून ठेवत असताना वस्तीतला एक मुलगा दाराशी घुटमळताना दिसला. हातात लांबट काळी पिशवी. आम्ही हाक मारली तेव्हा आत आला.

"जयभीम काका. जरा काम होतं. पण आईला सांगू नका."

पिशवीतून त्याने दोन तुकड्यांची एक काठी काढली. पूल नावाच्या खेळात बॉल मारायला जी काठी लागते, ती. पुस्तकात तिला क्यू म्हणतात, पोरे तिला स्टिक म्हणतात. तिच्या पुढच्या अर्ध्या भागाला, म्हणजे शाफ्टला, जोडापासून वरपर्यंत बोटभर लांबीची चीर गेली होती.

हा मुलगा दिवसा कॉलेज करतो आणि संध्याकाळी कॉलेज रोडच्या बाजूला एका पूल पार्लरमध्ये मार्कर म्हणून राबतो. मार्कर म्हणजे बॉल मांडणारा, गुण लिहिणारा, टेबल झाडणारा. मालक घरी गेल्यावर उरलेल्या वेळात तो स्वतः खेळतो आणि चांगला खेळतो. पार्लरच्या सामाईक काठ्या वाकड्या, म्हणून सहा महिने पैसे साठवून त्याने साडेसहा हजारांची स्वतःची स्टिक घेतली. चार महिन्यांत ती तडकली. दुकानदार म्हणाला, वॉरंटीत बसत नाही. झाले! पोरगा गप्प बसून घरी आला.

आम्हाला काठीपेक्षा हे गप्प बसणे जास्त लागले. "नाही" हा शब्द आमच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या इतका ऐकवला गेला आहे, की समोरच्याने तो उच्चारला की आपण पाठ फिरवतो. तो शब्द कोणत्या कागदाच्या आधाराने उच्चारला, हे विचारायचे राहून जाते.

खेळ वाईट की संगत?

आईला सांगायचे नाही, हे आम्हाला पटले नाही. त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. वहिनी भडकल्याच. "भाऊजी, तुम्हीच समजवा याला. पूल म्हणजे जुगारच की! वर साडेसहा हजारांचं लाकूड!"

वहिनींची भीती खोटी नाही. काही ठिकाणी या टेबलांवर पैसे लागतात, आणि अशा ठिकाणी आपल्या मुलांनी पाय ठेवू नये, हे आम्ही स्पष्टच सांगतो. पण खेळाला दोष देऊन चालणार नाही. पूलचा भाऊबंद असलेला स्नूकर १८७५ साली आपल्याच देशात, जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्माला आला, असे मानले जाते. याच घराण्यातल्या बिलियर्ड्‌स खेळात पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्याला जगज्जेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जगज्जेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले. तेव्हा पैज लावणाऱ्यापासून दूर राहा, पण खेळ सोडू नको, असे आम्ही मुलाला सांगितले. वहिनींनी "बघू" म्हटले. आमच्याकडे "बघू" म्हणजे निम्मा होकार.

बापाची नजर

मुलाचे वडील अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. उभा जन्म लेथवर गेला. तोवर ते कोपऱ्यात गप्प बसले होते. त्यांनी तो शाफ्ट हातात घेतला, उजेडाकडे धरला, जोडाच्या तोंडावरून नख फिरवले आणि म्हणाले, "हे भोक मधोमध नाही."

दोन तुकड्यांच्या क्यूमध्ये मागच्या भागात स्क्रूसारखी पिन असते आणि पुढच्या शाफ्टमध्ये तिला घेणारा पितळी आट्यांचा तुकडा बसवलेला असतो. या तुकड्याभोवती लाकडाची भिंत सगळीकडून सारखी हवी. वडिलांनी व्हर्नियर लावला. एका बाजूला लाकूड पाच मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला चार. चीर गेली होती ती बरोबर पातळ बाजूने! प्रत्येक फटक्याचा हादरा जोडातूनच जातो. पातळ बाजू किती दिवस सोसणार?

"पहिल्या दिवशी जोडावर बारीक पायरी लागत होती नखाला," मुलगा हळूच म्हणाला. "पण म्हटलं, असंच असेल."

इथेच पहिली चूक झाली. नवी वस्तू घेताना जे खटकते, ते त्याच दिवशी दुकानदाराला दाखवावे आणि त्याचा फोटो काढून ठेवावा.

वडील म्हणाले, "उद्या कामावर नेतो, फेविकॉल भरून वरून पितळी कडं चढवतो. पुन्हा तडकणार नाही." त्यांच्या हाताला ते सहज जमले असते. पण आम्ही हात जोडून थांबवले. एकदा का घरी दुरुस्ती केली, की कंपनीला "तुम्हीच बिघडवले" म्हणायला मोकळे रान. हक्काची मागणी आधी, दुरुस्ती नंतर.

कार्डावर लिहिले काय होते?

मग आम्ही चष्मा लावून वॉरंटीचे कार्ड वाचले. इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरात. मुलाने ते एकदाही वाचले नव्हते. दुकानदाराने नकाराची तीन कारणे दिली होती. एकेक तपासू.

पहिले कारण: लाकूड वाकणे वॉरंटीत नाही. हे खरेच आहे. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि सोडते, म्हणून बहुतेक कंपन्या वाकण्याची जबाबदारी घेत नाहीत. टीप झिजणे, आपटून पोचा पडणे, हेही त्यात येत नाही. पण हा शाफ्ट वाकला नव्हता, तडकला होता. आणि बनावटीतल्या दोषाची जबाबदारी त्या कार्डात एक वर्षासाठी घेतलेली होती.

दुसरे कारण: टीप बाहेर बदलली. टीप म्हणजे काठीच्या टोकाची चामड्याची टिकली. ती झिजतेच आणि बदलावीच लागते. तिचा काठीच्या दुसऱ्या टोकाशी, जोडाशी, काय संबंध? सायकलची घंटी बदलली म्हणून चाकाची वॉरंटी जाते काय?

तिसरे कारण: पक्के बिल नाही. इथे मात्र मुलाची बाजू लंगडी होती. "बिल नको असेल तर थोडे कमी करतो," असे दुकानदार म्हणाला आणि याने मान डोलावली. हातात आली ती नुसत्या आकड्याची चिठ्ठी. आम्ही मुलाला रागावलो, पण मनात ओशाळलोही. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्या आमच्याच घरात मिक्सरचे बिल सापडत नाही!

सुदैवाने पैसे मोबाइलवरून भरले होते. तारीख, रक्कम आणि दुकानाचे नाव त्या नोंदीत होते. आणखी एक गोष्ट आमच्या बाजूची होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे, हीच मुळी अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे ज्या कारणाने दुकानदार आम्हाला अडवत होता, ते त्याच्याच गळ्यात येत होते.

कागद कसा चालवला

आम्ही मुलालाच लिहायला बसवले. एका पानात मराठीत: कधी घेतली, किती पैसे दिले, कधी तडकली, दोष कुठे आहे, काय हवे आहे. सोबत जोडाचे चार फोटो, व्हर्नियरची मापे आणि पैसे भरल्याची नोंद. शिवी नाही, विनवणीही नाही. पंधरा दिवसांत शाफ्ट बदलून द्यावा, एवढेच. एक प्रत दुकानदाराला, एक कंपनीला, दोन्ही स्पीड पोस्टाने. पोस्टाच्या पावत्या वहीला चिकटवल्या.

पंधरा दिवस उत्तर नाही. मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ती मराठीतही नोंदवता येते. त्यानंतर कंपनीचा फोन आला. "शाफ्ट पाठवा, बघतो." पाठवण्याचा खर्च मुलाने सोसला, कारण तसे कार्डात लिहिले होते. पाठवण्यापूर्वी पार्सलचेही फोटो काढले. पाच आठवड्यांनी नवा शाफ्ट आला. वडिलांनी आधी जोडावर नख फिरवले, मगच मुलाच्या हाती दिला.

हा पूर्ण विजय नाही. कुरियरचे पैसे गेले, नव्या टिपेचे गेले, आणि ज्या स्पर्धेसाठी पोरगा झुरत होता ती पार्लरच्या वाकड्या काठीने खेळून तो दुसऱ्याच फेरीत हरला. त्याचा सल त्याला आहे. पण "नाही"चे "होय" कसे होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले.

कंपनी नमली नसती तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार होतेच. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि आपण जिथे राहतो वा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. कंपनी दिल्लीची असली तरी नाशिककराने दिल्लीला जाण्याचे कारण नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, ती चुकवू नका. २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल होते.

काठी जपायची कशी?

घरात असा खेळाडू असेल तर आई-वडिलांनीही एवढे ध्यानात ठेवावे. काठी भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नये. आपल्याच वजनाने हळूहळू वाकते. आडवी सपाट किंवा सरळ उभी, पिशवीत ठेवावी. नाशिकचा पाऊस दमट आणि उन्हाळा कोरडा, त्यामुळे पत्र्याखाली, गच्चीवर किंवा तापल्या गाडीत ती विसरू नये. खडूची पूड आणि हाताचा घाम यांनी शाफ्ट चिकट होतो. किंचित ओलसर फडक्याने पुसून लगेच कोरड्याने पुसावा. खरखरीत पॉलिशपेपर घासू नये. प्रत्येक घासण्यात लाकूड कमी होते, आणि कमी झालेले लाकूड कोणतीही वॉरंटी परत देत नाही.

विकत घेताना जोडलेली काठी सपाट टेबलावर लोळवून पाहावी. टोक उडत असेल तर ती घेऊ नये. जोडावर नख फिरवावे. अलीकडे कार्बन फायबरचे शाफ्ट आले आहेत. ते दमट हवेने वाकत नाहीत हे खरे, पण महाग असतात, आणि एकदा चिरले की लाकडासारखी दुरुस्ती होत नाही. शिकणाऱ्याने लाकडीच घ्यावा. लाकडी शाफ्टवरचा लहान पोचा ओल्या फडक्याच्या वाफेने बराच वर येतो. टीप बदलणे वीस मिनिटांचे काम. पण पूर्ण वाकलेला शाफ्ट सरळ करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देण्यापूर्वी दोनदा विचार करावा. तो बहुधा पुन्हा वाकतो.

त्रिरश्मीवरची पावती

नवा शाफ्ट आला त्या रविवारी आम्ही त्या मुलाला आणि वस्तीतल्या आणखी काही पोरांना घेऊन त्रिरश्मी लेणी चढलो. १० व्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. त्यांतल्या २००० वर दरमहा शेकडा एक व्याज, आणि त्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण.

पोरांना आम्ही हिशेब घालायला लावला. शेकडा एक दरमहा, म्हणजे २००० वर वर्षाला २४०. आणि २० गुणिले १२? तेही २४०. एका कार्षापणाचा फरक नाही! शिवाय हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला, हेही त्यात कोरले आहे. एवढा मोठा राजाचा जावई, पण त्याने तोंडी शब्दावर भागवले नाही. रक्कम, दर, मुदत, कोणाला काय मिळणार, सारे लिहिले. म्हणून आज आपल्याला ते वाचता येते.

लिहिलेला हक्कसुद्धा आपोआप चालत येत नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला दाखवले. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले यांचा ठराव १९२३ सालीच झाला होता. तरीही चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब तळ्यात उतरले तेव्हा. एका काठीची तुलना महाडच्या संगराशी करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. पण कागदावरचा हक्क वापरावा लागतो, हा धडा घरातल्या मिक्सरपासून पोराच्या क्यूपर्यंत सगळीकडे लागू आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, एवढे करा. घरात एक जुनी फाइल किंवा बिस्किटाचा डबा ठरवा. प्रत्येक वस्तूचे पक्के बिल आणि कार्ड त्यात टाका. कार्ड इंग्रजीत असेल तर घरातल्या शिकल्या मुलामुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. आणि कोणी "नाही" म्हटले तर शांतपणे विचारा, "कुठे लिहिले आहे, दाखवा."

परवा वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "भाऊजी, आमचा डबा भरत आला. तुमच्या मिक्सरचं बिल सापडलं का?"

शोधतो आहोत.

जयभीम!